भरून आलेला खांदा

सव्वीस जानेवारीच्या सकाळी वसंतरावांचा फोन आला, तेव्हा आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी लागली होती आणि फोनच्या पलीकडे, गाझियाबादला, त्यांच्या सोसायटीतही लागली होती. दोन्हीकडचं देशप्रेम एकमेकांवर आदळत होतं. त्या गोंगाटातून ते म्हणाले, "शैलाताई, कुंदा गेली." मी विचारलं, "कुठे?"... उभा जन्म शब्दांवर पगार घेतलेल्या बाईने आपल्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीच्या मृत्यूची बातमी ऐकून विचारलेला हा पहिला प्रश्न. वसंतरावांना काय उत्तर द्यावं ते कळेना. एरवी त्यांना कुठल्याही विषयावर बोलायला सुचतं. शेवटी म्हणाले, "अहो, गेली म्हणजे... गेली." त्यांच्या मागे कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" करत होतं.

आता दीडेक महिना झाला. गेलेल्या माणसावर लिहिताना त्याला सद्गुणांची शाल पांघरायची आपल्याकडे पद्धत आहे. कुंदाला शाल पांघरायची तर आधी डावा खांदा कसा वाचवायचा ते बघावं लागायचं, तेव्हा ती पद्धत मी सोडून देते. मी तिच्या खांद्याबद्दलच लिहिणार आहे. माणसाचं चरित्र त्याच्या एका सांध्यावरून लिहिता येतं का, असं कुणी विचारलं असतं तर पूर्वी मी हसले असते.

कुंदा कारखानीस आणि मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात हिंदी अनुवादक होतो. ती सोलापूरची, मी साताऱ्याची. दोन मराठी बायका भारत सरकारला हिंदी पुरवायच्या, आणि सरकार ती हिंदी कपाटात ठेवायचं. इंग्रजी परिपत्रकं यायची, आम्ही त्यांची अशी हिंदी करायचो, जी उत्तर भारतात कुणी कधी बोललेलं नव्हतं. नवीन मुलं विचारायची, "मैडम, इस शब्द का क्या होगा?" कुंदा मान वर न करता म्हणायची, "शब्द मत देखो, आगे-पीछे देखो." आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "शब्दाला एकट्याला पकडून विचारू नये गं, तो मारापायी काहीही कबूल करतो." ती डावखुरी होती. शाळेत पट्ट्या खाऊन लिहायला तेवढी उजव्या हाताने शिकली, बाकी सगळं डाव्याने. चहा गाळणं, पोळी लाटणं, नवऱ्याच्या भाषणाच्या वेळी कपाळाला हात लावणं, सगळं डावं. "उजवा हात मला सरकारने सही करायला दिलाय," म्हणायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाजार खुला झाला. त्याचा आमच्यापर्यंत पोचलेला पहिला फायदा म्हणजे रस्त्यावर सुटलेल्या खासगी बस. त्या थांब्यावर थांबत नसत, थांब्याची विचारपूस करून पुढे जात. एका संध्याकाळी कुंदा उतरत असताना कंडक्टरने "चलो चलो" करून बसवर थाप मारली आणि ती डाव्या खांद्यावर फुटपाथच्या कडेला आपटली. खांद्याला मोठी जखम झाली, टाके पडले. हाड मोडलेलं दिसत नाही म्हणून फोटो काढला नाही. टाके निघाले, जखम बुजली, पण आतलं दुखणं राहिलं. सकाळी उठल्यावर हात जागेवरून हलायचा नाही, रात्री त्या कुशीवर वळता यायचं नाही. म्हणून ती आमच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला गेली, आणि मी सोबत गेले.

पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. रांग दारापर्यंत होती. डॉक्टरांनी विचारलं, "हाँ, कैसा है कंधा?" कुंदा, जिने मंत्र्यांची भाषणं हिंदीत केली, राजपत्रातला स्वल्पविराम चुकला तर जिला झोप लागत नसे, ती कळवळून म्हणाली, "डॉक्टर साहब, कंधा एकदम भर आया है।" डॉक्टरांनी ब्लाउजच्या बाहीवरून डोकावणारा टाक्यांचा व्रण बघितला आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "हाँ, बढ़िया भर आया है। बहुत अच्छा। नेक्स्ट!"

मराठी वाचकांना समजावून सांगायची गरज नाही, पण दिल्लीतल्या आमच्या मुलांसाठी सांगते. मराठीत खांदा भरून येतो, म्हणजे तो जड होतो, आखडतो, आत दगड बसल्यासारखा होतो. हिंदीत जखम भरते, म्हणजे ती बरी होते. दुखणं मराठीत होतं, ते नुसतं हिंदी टोपी घालून डॉक्टरांपुढे उभं राहिलं, आणि डॉक्टरांनी टोपीलाच नमस्कार केला. हे कुंदाच्या लक्षात आलं ते फाटकाबाहेर, शेंगदाणेवाल्यापाशी. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अगं शैला, मी त्याला मराठी बोलले गं!" मी म्हटलं, "चल परत." म्हणाली, "आणि काय सांगू? डॉक्टरसाहेब, अनुवादात चूक झाली, शुद्धिपत्र काढा?" पुढे ती परत गेलीही, नीट हिंदीची तयारी करून. पण तोवर कागदावर 'बरं झालं' असं लागलं होतं, आणि सरकारात एकदा जे बरं झालं ते झालं. डॉक्टर म्हणाले, "मैडम, ज़ख्म तो भर गया है। वहम मत पालिए।"

न दिसणारं दुखणं ही सार्वजनिक मालमत्ता असते. जो येईल तो त्यावर आपली पाटी लावून जातो. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं उशी बदला. सगळ्यात लोकप्रिय झालं ते 'फ्रोझन शोल्डर', कारण एका बड्या साहेबांच्या पत्नीला ते झालं होतं आणि त्या व्यायामाने खडखडीत बऱ्या झाल्या होत्या. साहेबांच्या घरातलं दुखणंसुद्धा वरच्या श्रेणीचं असतं, ते आपल्याला झालं तर बढती मिळाल्यासारखं वाटतं. खालच्या मजल्यावरच्या खन्ना आंटी रोज येऊन कुंदाकडून भिंतीवर बोटं चढवून घ्यायच्या, "और ऊपर, और ऊपर, शाबाश!" वसंतरावांनी बेडरूमच्या दारात एक लोखंडी दांडा बसवून घेतला आणि जाहीर केलं, "रोज लटकायचं. इच्छाशक्ती पाहिजे, कुंदा." ती एक हिवाळाभर लटकली. आखडलेला खांदा हळूहळू ताणून सुटतो हे खरंच आहे. पण तिचा आखडलेला नव्हता, झिजलेला होता, आणि झिजलेल्या बिजागरीला जोर लावून दार उघडत राहिलं तर काय होतं ते सुतारालाही ठाऊक असतं. हात वर नेला की आत कटकट वाजायचं. वसंतराव म्हणायचे, "बघ, सुटतोय!"

वसंतराव कारखानीस हे मोठ्या सरकारी कंपनीतले अधिकारी. माणूस वाईट नाही, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, पण ते मला आत्ता आठवलं. त्यांना समारंभ आवडतात. सोसायटीत पाण्याची नवी मोटर बसवली तरी ते फीत कापायचे. आमच्या ऑफिसातही समारंभांची कमतरता नव्हती. दर सप्टेंबरला हिंदी पखवाडा व्हायचा. त्यात हिंदीची थोरवी सांगणारी इंग्रजीत विचार केलेली भाषणं व्हायची. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांना हार घालायला कुंदाला उभं केलं. पाहुणे चांगले सहा फुटी, आणि त्यांनी मानही झुकवली नाही, कारण मान झुकवणं त्यांच्या पदात बसत नव्हतं. कुंदाचा हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. सभागृह वाट बघत होतं. तिने क्षणभर विचार केला, हार त्यांच्या हातात दिला आणि अत्यंत शुद्ध राजभाषेत म्हणाली, "महोदय, कृपया स्वयं धारण करें।" आम्ही मागच्या रांगेत पदर तोंडात कोंबून बसलो होतो. पण पुढे कित्येक महिने साहेबांच्या खोलीतून कुजबुज येत राहिली, कारखानीस मैडमचं डोकं फार चढलंय. डोकं चढलं नव्हतं, हात चढत नव्हता. पण हे कुणाला सांगणार?

त्यांचं घर तेव्हा आमच्याच सोसायटीत होतं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वसंतरावांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते जिना चढताना एक हात कठड्यावर ठेवायचे आणि दुसरा कुंदाच्या खांद्यावर. जिन्याच्या रचनेमुळे तो नेमका डावा खांदा यायचा. मी एकदा खालून बघत होते. प्रत्येक पायरीला त्यांचा "हं" असा आवाज यायचा आणि तिचा काहीच यायचा नाही. मी वर गेल्यावर विचारलं, "उलट्या बाजूने का चढत नाही?" म्हणाली, "मग उतरताना काय करू? तेव्हा पुन्हा डावाच येतो." हे मला आजही नीट पटलेलं नाही. मला वाटतं, तिला फक्त ती चर्चा टाळायची होती.

मग गुडघे बदलायचे ठरले. दोन्ही, एकदमच. त्या काळात गुडघे बदलणं हे मोटार बदलण्यासारखं नुकतंच प्रतिष्ठेचं झालं होतं. आधी गणपतीला अभिषेक झाला. हॉस्पिटलात पुष्पगुच्छ आले. घरी परतल्यावर वसंतराव येणाऱ्या प्रत्येकाला गुडघ्यांचे एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरून दाखवायचे, एखाद्याने लग्नाचा अल्बम दाखवावा तसे. पण त्याच हॉस्पिटलात एक गोष्ट झाली. कुंदा नवऱ्याच्या खोलीबाहेर स्वेटर घालत होती. दुखरी बाही आधी चढवायची आणि काढताना ती शेवटी काढायची, हे तिचं तिने कधीच शोधून काढलं होतं. एक वयस्क पंजाबी सर्जन जाता जाता थबकले. "कब से है?" त्यांनी विचारलं. कुंदा म्हणाली, "क्या?" ते म्हणाले, "जो आप छुपा रही हैं।" हे तिने मला नंतर सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शब्द न विचारता आगे-पीछे बघितलं होतं.

त्यांनी फोटो काढायला लावला, आणि नवऱ्याच्या डिस्चार्जच्या गडबडीत आम्ही दोघी तो घेऊन त्यांच्यापुढे बसलो. त्यांनी चहाची बशी उपडी न करता सरळ ठेवली आणि त्यावर एक लिंबू ठेवलं. "यह है कंधा।" गुडघ्यावर सगळ्या देहाचा भार असतो, म्हणून तो लवकर ओरडतो आणि त्याचं सगळे ऐकतात. खांदा म्हणजे उथळ बशीवर तोललेलं लिंबू. सगळीकडे फिरता यावं म्हणून देवाने त्याला खोल बसवलंच नाही. दोघांच्या मध्ये एक गुळगुळीत गादी असते. पडताना ती फाटते किंवा लिंबू जागचं हलतं, आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू घासत घासत ती नाहीशी होते. फोटोत त्या गादीची पांढरी फट असायला हवी होती, ती नव्हती. हाडाला हाड टेकलं होतं, कडेला हाडाचे कोंब फुटले होते. मी त्या दांड्याबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी लिंबू बशीवरून उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "वह डंडा निकलवा दीजिए।"

गादी परत येणार नाही, पण दुखण्यासोबत बरं जगता येतं, असं त्यांनी सांगितलं. हात अजिबात न हलवणं वाईट आणि जोर लावणंही वाईट. टेबलावर चांगल्या हाताचा आधार घेऊन वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि त्याला घड्याळाच्या लंबकासारखा हलकेच झुलू द्यायचा. आधी शेक घ्यायचा. जड वस्तू अंगाजवळ धरून उचलायची. रोजच्या वस्तू छातीच्या वर ठेवायच्याच नाहीत. दुखण्याच्या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला महाग पडतात, त्या विचारूनच घ्यायच्या. एक इंजेक्शन त्यांनी दिलं, त्याने काही महिने तिला झोप लागली. तिला झोप लागते म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. ती चक्क गाणं गुणगुणत ऑफिसात यायची. आणि निघताना डॉक्टर आणखी एक बोलले. सांध्याचं दुखणं हाताचं ऐकतं, हात हलवला की वाढतं, नीट टेकवला की कमी होतं. "जिस दिन दर्द को फ़र्क ही न पड़े कि हाथ कैसे रखा है, उस दिन सेंकना मत। वह कंधा नहीं होगा, दिल होगा। उसी वक़्त अस्पताल आना।" कुंदाने हे वाक्य मला बसमध्ये मराठीत करून दाखवलं होतं. सवयीने.

शेवटचा उपाय म्हणजे सांधा बदलणं. वय आणि तब्येत बघता करता येईल, हात पूर्ण वर जाईल असं वचन देत नाही, पण रात्रीचं दुखणं जाईल, असं ते म्हणाले. कुंदाला ते हवं होतं. तिने आयुष्यात फार थोड्या गोष्टी स्वतःसाठी मागितल्या, त्यातली ही एक. वसंतराव तेव्हा नव्या गुडघ्यांवर खोलीतल्या खोलीत संचलन करत होते. माझ्यासमोरच म्हणाले, "शैलाताई, तुम्हीच सांगा. गुडघ्यावर माणूस उभा असतो. खांद्यावर काय उभं असतं?" कुंदा पोहे परतत होती. तिने वळूनही न बघता म्हटलं, "तुम्ही." वसंतराव हसले. त्यांना तो विनोद वाटला. विषय पुढच्या वर्षावर गेला, मग मुलीच्या, मुक्ताच्या, लग्नानंतर, मग निवृत्तीनंतर, मग घर बदलल्यावर. डॉक्टर निवृत्त होऊन चंदीगडला निघून गेले.

घर बदललं ते गुडघ्यांसाठी. गाझियाबादला उंच इमारती उठल्या होत्या, लिफ्ट होती, कारंजं होतं, आणि फाटकावर सोजिरासारखा पोशाख केलेला पहारेकरी होता. वास्तुशांतीला वसंतरावांनी सगळ्यांना स्वयंपाकघर फिरवून दाखवलं. मॉड्युलर किचन! भिंतभर वरची कपाटं, छतापर्यंत, चकचकीत लाल. कुंदाने सुताराला दोन फळ्या खाली घ्यायला सांगितल्या होत्या. वसंतराव म्हणाले, लुक बिघडेल. त्यामुळे लुक राहिला आणि वरची कपाटं राहिली. कुंदाने भांडण केलं नाही. तिने हळूहळू सगळं घर खाली उतरवलं. चहा, साखर, डाळी, कुकर ओट्याखाली गेले. देव टेबलावरून चौरंगावर आले. तिची पुस्तकं खालच्या दोन फळ्यांवर आडवी झाली. त्या घरात तिच्या छातीच्या उंचीवर एक न काढलेली रेघ होती. रेघेच्या खाली कुंदा राहायची, वर वसंतरावांचा लुक राहायचा. पुराचं पाणी ओसरल्यावर भिंतीवर खूण राहते, तसं ते दिसायचं, फक्त बघायचं ठरवलं तर.

आमची शेवटची भेट डिसेंबरात, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये झाली. दिल्लीतल्या मराठी माणसाला आपण अजून मराठी आहोत का हे तपासायचं असलं की तो तिथे जाऊन साबुदाणा वडा मागवतो. कुंदा मुक्ताबद्दल बोलत होती. मुक्ता गुडगावला एका परदेशी कंपनीत, सतत फोनवर, सतत दमलेली. "तिचं मराठी अर्ध्या रस्त्यात संपतं गं," कुंदा म्हणाली. "परवा म्हटलं, आजीकडे शिंकाळं होतं, तर म्हणते, अच्छा, मग औषध नाही घेतलं का?" आम्ही दोघी खूप हसलो. उठताना मी तिचा कोट धरला. डावी बाही आधी...

ती गेली त्या सकाळचं मला तेराव्याला मुक्ताने सांगितलं, स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून. सकाळी कुंदा वसंतरावांना म्हणाली होती की आज भरून आलंय, बरं वाटत नाही. वसंतराव जाकिटाची बटणं लावत होते. झेंडावंदनाला तेच अध्यक्ष होते. म्हणाले, "शेक घे जरा, मी आलोच." खाली त्यांचं भाषण झालं. त्याच वेळी मुक्ताने आईला फोन केला, कारण आदल्या संध्याकाळी तिला बढती मिळाली होती. "मी म्हटलं, आई, आय गॉट इट! तर आई जरा थांबली आणि म्हणाली, छाती भरून आलीय गं... मी म्हटलं, आई, यार, रडू नकोस हं, नाहीतर मी पण रडेन." मुक्ता पुढे म्हणाली, "मग ती म्हणाली, हात कसाही ठेवला तरी तसंच आहे. मला ते कळलंच नाही, मावशी. मी म्हटलं, शेक घे ना. मग मला दुसरा कॉल आला." वसंतराव लाडूचं पाकीट घेऊन वर आले तेव्हा कुंदा खुर्चीत होती. मांडीवर फोन होता. गरम पाण्याची पिशवी भरलेली, अजून कोमट, टेबलावर बाजूला ठेवलेली. खांद्यावर नव्हती. तिने पिशवी भरली होती, खांद्याशी धरली असेल, आणि मग डॉक्टरांचं वाक्य आठवून बाजूला ठेवली असेल. तिने आपलं दुखणं बरोबर वाचलं होतं. मग ते दुसऱ्यांना सांगितलंही होतं. आयुष्यभर करत आलेलं काम तिने त्या सकाळीही अचूक केलं.

मुक्ताने मला विचारलं, "मावशी, 'भरून येणं' म्हणजे दिल भर आना ना?"

तिला हो म्हणून टाकणं सोपं होतं. तिथे बसलेल्या सगळ्या बायकांनी तेच केलं असतं, आणि केलंही. "अगं आनंदाने भरून आलं असेल तिला, लेकीचं ऐकून," कुणीतरी पाठीवरून हात फिरवत म्हणालंच. पण मुक्ता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "दोन्ही होतं. ऊर आनंदानेही भरून येतो आणि दुखण्यानेही." ती म्हणाली, "मग आईचं कुठलं होतं?" तिने टेबलाकडे बघितलं, जिथे ती पिशवी अजून पडलेली होती. तिच्या आईची मुलगी आहे, आगे-पीछे बघता येतं तिला. मग म्हणाली, "दोन्ही असू शकतं ना?" मी म्हटलं, "असू शकतं." आणि हे मी मनापासून म्हटलं, कारण बढतीची बातमी ऐकून कुंदाला आनंद झाला नसेल, असं मला वाटत नाही. जाताना मुक्ता म्हणाली, "मावशी, तू पेपरात लिहितेस ना, हे लिही. माझं नाव घालून लिही. आमच्यासारख्या खूप जणी आहेत इथे. आईशी बोलतो, बिल्कुल रोज बोलतो, पण..." वाक्य तिने अर्धं सोडलं. म्हणून लिहिते आहे.

मुक्ताला शब्द कळला नाही. दवाखान्यातल्या त्या डॉक्टरलाही कळला नाही, तो बिचारा बुलंदशहरचा होता. वसंतरावांना मात्र शब्द कळला होता. ते पुण्याचे आहेत. त्यांच्याशी बोलायला कुंदाला अनुवादक लागत नव्हता.

गेल्या आठवड्यात मी गाझियाबादला गेले. वसंतराव दिवाणखान्यात होते. समोर शोकसभेचा मोठा फोटो हार घालून ठेवला होता. सोसायटीने शोकसभा चांगली केली होती, सहा वक्ते होते. कुंदाचं वर्णन त्यांनी 'खंबीर खांद्यांची गृहिणी' असं केलं होतं, ते वसंतरावांनी मला वाचून दाखवलं. मग म्हणाले, "चहा करतो." मी म्हटलं, "मी करते." म्हणाले, "नाही, नाही, शिकलोय आता." ते आत गेले, आणि बराच वेळ काही आवाज आला नाही. मी जाऊन बघितलं. ते ओट्यापाशी उभे होते, एक हात ओट्यावर टेकून, खाली बघत. चहाचा डबा सगळ्यात खालच्या फळीवर होता, आत, डाव्या कोपऱ्यात. त्यांचे गुडघे उत्तम आहेत, त्यावर ते मैल मैल चालतात, पण त्यांवर उकिडवं बसता येत नाही. त्यांच्या डोक्यावर छतापर्यंत लाल कपाटं होती. मी एक उघडून बघितलं. आतल्या बाजूला दुकानातून आली तशी प्लास्टिकची पातळ पट्टी अजून चिकटलेली होती.

"शैलाताई," ते म्हणाले, "हे सगळं जरा वर लावून द्याल का? मला वाकता येत नाही हो. तिने हे सगळं इतकं खाली का ठेवलंय, तेच कळत नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच विचारत होते.

मी खाली बसले, डबा काढला, चहा केला. आम्ही तो प्यायलो. मग मी कप धुतले, डब्याचं झाकण लावलं, आणि तो होता तिथेच, खालच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात परत ठेवला.